घाटाखालचा सोयगाव तालुका

अजिंठ्याची लेणी कोणत्या तालुक्यात आहेत? गेल्या हिवाळ्यात आम्ही चार कुटुंबे सहलीला निघालो, तेव्हा एस.टी.त बसल्या बसल्या मुलांना हा प्रश्न टाकला. ‘सिल्लोड!’ मुले एका सुरात ओरडली आणि मोठ्यांनीही माना डोलावल्या. उत्तर चुकले. अजिंठा हे गाव घाटावर, सिल्लोड तालुक्यात आहे. पण त्याच्या नावाने जगात गाजलेली लेणी आहेत घाटाखाली, सोयगाव तालुक्यात!

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. त्यातला हा उत्तरेकडचा, डोंगरापलीकडचा. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या लाखाच्या आसपास. सोयगाव, फर्दापूर, बनोटी, जरंडी, गोंदेगाव, सावळदबारा ही इथली ठळक गावे. जमिनीत कापूस आणि मका. बोलीत खानदेशी वळण इतके, की आपण मराठवाड्यात आहोत की जळगाव जिल्ह्यात, असा प्रश्न पडावा.

याचे कारण अजिंठ्याचा डोंगर. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून झालेला हा काळा पाषाण म्हणजे पाण्याची वाटणी करणारा बांधच. घाटमाथ्यावर पडलेला पाऊस पूर्णा नदीने गोदावरीला जातो आणि पुढे बंगालच्या उपसागराला. घाटाखालचा पाऊस मात्र तापीला मिळून सुरतेजवळ अरबी समुद्रात जातो. लेण्यांच्या पायथ्याशी वाहणारी वाघूर नदी तापीचीच उपनदी. तिच्यावरच्या धरणाचे पाणी आज जळगाव शहर पिते. याच नदीने घोड्याच्या नालेसारखी दरी कोरली आणि त्या उभ्या कड्यात भिक्खूंना वर्षावासासाठी निवारा खोदता आला.

पण भिक्खू या आडरानात आले कसे? खरे तर हे आडरान नव्हतेच. उत्तरेकडून पैठणला जाणारे व्यापारी तांडे याच डोंगरातल्या घाटांनी चढत. सोयगावहून हळद्याकडे चढणाऱ्या घाटावर आजही वेताळवाडीचा किल्ला पहारा देत उभा आहे. वर जंजाळ्याजवळ घटोत्कच लेणी आहेत. तिथल्या शिलालेखात वराहदेवाचे नाव आहे. पाचव्या शतकातल्या वाकाटक राजा हरिषेणाचा हा मंत्री. त्याच वराहदेवाने अजिंठ्याचे 16 क्रमांकाचे लेणे भिक्खुसंघाला दान दिले. एक दाता, एक लेणे घाटावर, एक घाटाखाली. त्या काळी डोंगर आडवा येत नव्हता, वाट देत होता.

पुढे राज्ये बदलली. 1818 नंतर खानदेश इंग्रजांकडे गेला, तर हा टापू निजामाच्या राज्यात राहिला. 1819 साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस लेणी पडली, ती निजामाच्या हद्दीत. 1948 साली निजामाची राजवट गेली, 1960 साली महाराष्ट्र झाला. पण सोयगाव जुन्या जिल्ह्यातच राहिले. पाणी खानदेशाचे, हद्द मराठवाड्याची!

ही गोष्ट केवळ भूगोलाच्या पुस्तकातली नाही. परतीच्या गाडीत एक आजीबाई भेटल्या. मोलमजुरी करणाऱ्या. जिल्ह्याच्या ठिकाणी कागदासाठी दुसरी खेप होती. त्या म्हणाल्या, “बाबा, आमचं पाणी जळगावले जातं अन् आमचा कागद संभाजीनगरले.” घाट चढून शंभराच्या आसपास किलोमीटर म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली. आम्ही कारकून माणसे. एक शिक्का राहिला म्हणून माणसाला ‘उद्या या’ असे आम्हीही सहज म्हणून गेलो आहोत. त्या ‘उद्या’ची किंमत आम्हाला त्या घाटात कळली.

तेव्हा वाचकहो, अजिंठ्याला जाल (सोमवारी लेणी बंद असतात, हे ध्यानात ठेवा), तेव्हा फर्दापूरच्या फाट्यावरून घाईने माघारी फिरू नका. भाकरीचे गाठोडे बांधून मुक्कामाच्या तयारीने या, सोयगावचा बाजार पाहा, वेताळवाडीचा घाट चढा. आणि मुलांना शाळेचा नकाशा उघडून दाखवा, की ज्या लेण्यांसाठी जग इथे येते, त्यांच्या तालुक्याचे नाव सोयगाव आहे.