पेडल, बोट आणि बाबा

युरोपात ‘बाइक अँड बोट’ नावाचा हॉलिडेचा एक प्रकार भलताच पॉप्युलर आहे. हॉलंडचे कालवे म्हणा किंवा डॅन्यूब नदी म्हणा, दिवसभर सायकल हाणायची आणि रात्री बोटीवर येऊन झोपायचं. बोट हेच हॉटेल. तुम्ही घाम गाळत पेडल मारत असता तेव्हा ती तुमची बॅग घेऊन पुढच्या गावी जाऊन उभी असते. आयडिया भन्नाट आहे. फक्त बिल युरोमध्ये येतं आणि फ्रीलान्स जर्नालिस्टच्या बँक बॅलन्सला ते झेपत नाही.

पण मंडळी, आपल्या दाराशी कोकण आहे. इथे कुठलीच बोट तुमची बॅग सांभाळत नाही, झोपायला तर मुळीच देत नाही. तरीही मुंबईहून रत्नागिरीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्यानं सायकलवर जायचं ठरवलं की पाच वेळा बोटीत चढावं लागतं. भाऊचा धक्का ते मांडवा, आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड. बोट नको असेल तर खाडीला लांबलचक वळसा घाला. सायकलवाल्याला तो परवडत नाही.

गेल्या जानेवारीत मी ही ट्रिप केली. सोबत ऑफिसची गँग नव्हती, कारण मला ऑफिसच नाही. सोबत होते बाबा. वय ६२, रिटायर्ड, उजवा गुडघा कुरकुरणारा. दोन वर्षांपूर्वी मी चॅनेलची नोकरी सोडली, तेव्हापासून आमच्यात दोनच वाक्यांची देवाणघेवाण व्हायची. एक, ‘जेवलीस का?’ आणि दुसरं, ‘काही परमनंट बघतेस की नाही?’ अशा माणसाबरोबर पाच दिवस? मैत्रिणींनी कपाळाला हात लावला.

बाबांचा हट्ट मात्र साधा होता. आमचे आजोबा गुहागरकडचे. मुंबईत नोकरीला आले ते दाभोळहून आगबोटीनं, थेट भाऊच्या धक्क्यावर. त्या काळी कोकणातल्या चाकरमान्यांचा हाच हायवे. ‘ते ज्या वाटेनं आले, त्या वाटेनं एकदा उलटं जायचंय,’ बाबा म्हणाले. मी सायकलनं निघणार म्हटल्यावर त्यांनी गिअरची सायकल भाड्यानं घेतली आणि महिनाभर पहाटे उठून सराव केला. आता ह्यावर नाही कसं म्हणणार?

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते. २०२० साली ही सेवा सुरू झाली. खाली गाड्या, वर माणसं आणि तासाभरात मुंबई मागे. मांडव्यापासून अलिबाग, रेवदंडा, काशीद करत मुरूड गाठायचं, म्हणजे सत्तरेक किलोमीटर. पहिलाच दिवस सगळ्यात मोठा. रेवदंड्याआधी चौल लागलं. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी ह्याच चौलला उतरला, तोही बोटीत घोडा घालून! इथे विकू म्हणून आणलेला घोडा जुन्नरच्या खानानं जप्त केला, मग बऱ्याच खटपटीनंतर परत दिला. परतताना निकितिननं बोट पकडली ती दाभोळहून. म्हणजे स्वतःचं वाहन बोटीत चढवून कोकणात फिरण्याची फॅशन काही आपली नाही.

खरा प्रॉब्लेम रस्त्यावर आला. माझा स्पीड एक, बाबांचा दुसरा. मी पुढे जाऊन थांबायची, ते धापा टाकत पोचायचे, तोवर माझी विश्रांती संपलेली. मी निघायची, ते पुन्हा मागे. संध्याकाळपर्यंत दोघंही वैतागलेले. मुरूडला मासे खातानाही कोणी कोणाशी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आगरदांड्याच्या धक्क्यावर मी बाबांच्या चांगली वीस मिनिटं आधी पोचले. बोट पलीकडे दिघीला. एक एसटीतून उतरलेल्या मावशी, दोन मोटरसायकली, बर्फाचा टेम्पो आणि मी, सगळे रांगेत. बाबा सावकाश आले, सायकल भिंतीला टेकवली, पाणी प्यायले. तेवढ्यात बोट लागली.

‘एवढी धावत येऊन काय मिळवलंस गो?’ बाबा हसत म्हणाले.

चिडावं की हसावं कळेना. पण त्या एका वाक्यानं ट्रिप बदलली. लवकर पोचणाऱ्यासाठी वेगळी बोट नसते. पुढच्या सीटवाला आणि मागच्या सीटवाला, गाडीवाला आणि सायकलवाला, अठ्ठावीस वर्षांची मी आणि बासष्ट वर्षांचे बाबा, सगळे एकाच वेळी पलीकडे. मग घाई कशाला? त्यानंतर मी त्यांच्या मागून सायकल चालवली. नारळी-पोफळीच्या वाड्या, आरावीजवळ रस्त्याला खेटून चालणारा समुद्र, दारात वाळत टाकलेली सुकट. हे सगळं ताशी बारा किलोमीटरच्या स्पीडला जास्त नीट दिसतं, हेही कळलं.

ह्या खाडीतल्या बोटींना लोक ‘जंगल जेटी’ म्हणतात. सपाट तळाची बोट, टोकाला लोखंडी फळी. फळी धक्क्यावर टेकते, गाड्या उतरतात, चढतात आणि बोट निघते. सायकल कडेला उभी करायची आणि हातानं धरून ठेवायची. दहा-पंधरा मिनिटांचा खेळ. पण भरती असेल तर फळी जवळजवळ सपाट टेकते आणि ओहोटीला धक्क्याचा शेवाळलेला, घसरडा भाग उघडा पडतो. तिथे सायकलवर बसून उतरायची हिरोगिरी नको.

भरती कधी, हे बाबांना घड्याळाशिवाय कळायचं. फॉर्म्युला कोळ्यांचा आहे. तिथीची पाऊणपट करायची, येईल तो साधारण भरतीचा तास. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. आम्ही बागमांडल्याला पोचलो ती अष्टमी, दुपारचे बारा. बाबा म्हणाले, ‘पाणी पार खाली गेलेलं असणार.’ आणि तसंच! मी अॅप उघडेपर्यंत त्यांचा हिशोब झालेला होता.

चौथ्या दिवशी दाभोळ. कोळथऱ्याच्या चढांनी दोघांचाही जीव काढला होता. समोर वाशिष्ठी, पलीकडे गुहागर तालुका आणि डावी-उजवीकडे मच्छीमार होड्या. एन्रॉनच्या प्रकल्पाला अख्खं जग ‘दाभोळ’ म्हणायचं, पण तो उभा आहे पलीकडच्या किनाऱ्यावर. नुकतीच एक बोट सुटली होती. पुढचीला वेळ होता. आजोबा इथूनच गेले असतील, असं काहीतरी मी बोलले असेन. बाबा बराच वेळ गप्प बसले आणि मग, पाण्याकडे बघतच म्हणाले, ‘मी परमनंट होतो. कंपनीच बंद पडली. तू पोटात होतीस तेव्हा.’

मला हे माहीत नव्हतं. चौदा महिने ते घरी होते. रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचे, कारण चाळीत कोणाला कळायला नको. आईनं शिवणकाम घेतलं. नंतर दुसरी नोकरी लागली, तिथूनच ते रिटायर झाले आणि तो विषय पुन्हा कधी घरात निघाला नाही.

‘मग मला परमनंटचं एवढं का विचारता?’

‘ते चौदा महिने आठवतात म्हणून.’

दोन वर्षं जे वाक्य मला टोमणा वाटत होतं, ते भीती होती. घरी हे बोलणं झालं नसतं. घरी टीव्ही असतो, फोन असतो, उठून आत जायला खोली असते. धक्क्यावर पुढची बोट येईपर्यंत कुठेच जाता येत नाही.

आता ह्या खाड्यांवर पूल होणार आहेत. रेवस ते रेडी सागरी महामार्ग ही १९८० ते १९८२ दरम्यान मुख्यमंत्री असलेल्या बॅ. अ. र. अंतुले यांची जुनी कल्पना. बाणकोट खाडीवरच्या पुलाचं काम तर अनेक वर्षं रखडलं होतं. माझ्यातली टुरिस्ट लगेच हळहळली. पूल झाला की दोन मिनिटांत पार, मग थांबणार कोण? बाबांनी तिथल्या तिथे गप्प केलं. ‘रात्री बाळंतीण अडली की पहिल्या बोटीची वाट बघत बसायचं का? तुझ्या हॉलिडेसाठी?’ बरोबर आहे. पूल व्हायलाच हवेत. पण सायकलवाल्यांसाठी आणि मासळीच्या पाट्या घेऊन जाणाऱ्या मावश्यांसाठी एखादी बोट शिल्लक ठेवली, तर कोणाचं काय बिघडेल?

तुम्हाला जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायची असतील तर मार्चच्या सुमारास जा, पण ऊन सोसायची तयारी ठेवा. पावसाळ्यात समुद्रातल्या फेऱ्यांचा भरवसा नसतो. चढ बरेच आहेत, त्यामुळे गिअरची सायकल हवीच. खाऱ्या हवेनं चेन लगेच गंजते, रोज संध्याकाळी पुसून तेल द्या. सुट्टे पैसे ठेवा, शेवटच्या बोटीची वेळ आधीच विचारून घ्या आणि दिवसाला पन्नासेक किलोमीटरच्या वर जाऊ नका. परतीला रत्नागिरीहून कोकण रेल्वे आहे. सायकल लगेज म्हणून बुक करायची, स्टेशनवर लवकर पोचायचं.

पुढचा टप्पा रत्नागिरी ते मालवण. बाबांनी पंचांग काढून तिथ्या बघून ठेवल्यात. तारीख विचारली तर म्हणाले, ‘तुझं काम बघून तूच ठरव.’ माझ्या फ्रीलान्सिंगला त्यांनी ‘काम’ म्हणायची ही पहिलीच वेळ. फेब्रुवारीचा पहिला आठवडा मी आत्ताच ब्लॉक केलाय.