गगनबावड्याची कॅसेट

मोटारीत बसून गाणी ऐकणे ही निव्वळ चैन आहे, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. चाके फिरावीत, ब्रेक लागावा आणि पाऊस आला तर काच वर जावी. मोटारीकडून मध्यमवर्गीय माणसाने याहून अधिक अपेक्षा धरू नये, असे मी घरात सांगत असे. मराठीच्या प्राध्यापकाला यंत्रातले काय कळणार, असे माझे विद्यार्थी म्हणतात. गेल्या दिवाळीपर्यंत ते अगदी खरे होते. त्यानंतर मात्र मला त्यातले चार पैशांइतके कळू लागले आहे. ते मी शिकलो कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरातल्या एका अंधाऱ्या गाळ्यात, आणि त्याची फी म्हणून एक सेकंद देऊन बसलो.

मी नोकरीनिमित्त पुण्याला असतो. आई मात्र कोल्हापूर सोडायला तयार नाही. नागाळा पार्कातले घर, दारातली तगर आणि अण्णांची जुनी, लहानशी मोटार एवढा तिचा संसार. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला, शिरोलीपाशी हमरस्ता पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस वाहतूक बंद पडली, त्या वेळी आमच्या घरात कमरेइतके पाणी होते. टेपरेकॉर्डर, कपाटातली पुस्तके आणि गाद्या गेल्या. मोटारीत पाणी बैठकीपर्यंत चढले. ती पुढे दुरुस्त झाली, पण तिचा गळा बसला तो बसलाच. रेडिओ लावला की आधी शीळ ऐकू यायची, मग खरखर, आणि त्यातून जमले तर बातम्या. दुसऱ्या वर्षी अण्णाच गेले, तेव्हा मोटारीच्या गळ्याची चौकशी करायला कोणाला सुचणार?

गेल्या दिवाळीत साफसफाई करताना आईने माळ्यावरून एक पत्र्याचा डबा काढला. त्यात एकच कॅसेट होती. वर अण्णांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिले होते, ‘गगनबावडा, २००४’.

त्या कॅसेटची हकीकत मला ठाऊक होती, पण ती मी कधी ऐकली नव्हती. २००४ साली आई न्हाणीघरात घसरून पडली आणि खुब्याचे हाड मोडून चार महिने अंथरुणाला खिळली. दर पावसाळ्यानंतर दोघे एकदा गगनबावड्याला जात. त्या वर्षी ते चुकले. तेव्हा अण्णा एकटेच मोटार घेऊन गेले, शेजारच्या बैठकीवर टेपरेकॉर्डर ठेवला आणि वाटेत काय काय दिसते ते तिला सांगत सांगत घाटमाथ्यापर्यंत पोचले. घरी येऊन त्यांनी ती कॅसेट तिच्या उशाशी लावली. आमच्या पिढीला याचे हसू येई. आता येत नाही.

टेपरेकॉर्डर पुरात गेलेला. कॅसेट वाजवण्याची सोय उरली होती ती त्या मोटारीतच. मी मोठ्या उत्साहाने आईला पुढच्या बैठकीवर बसवले, इंजिन सुरू केले आणि कॅसेट आत सारली. शीळ वाजली. तिच्यामागून अण्णांचा आवाज आला, ‘हं, तर आपण निघालो,’ आणि लगेच तो आवाज पाण्यात बुडाल्यासारखा जड झाला. खरखर झाली आणि सगळे थांबले. मी घाबरून बटन दाबले. कॅसेट बाहेर आली ती आपली आतडी आत ठेवून. आई काही बोलली नाही. ती फक्त दार उघडून घरात गेली.

दुसऱ्या दिवशी मी एका झगझगीत दुकानात गेलो. तिथल्या तरुणाने माझ्या यंत्राकडे पाहिले आणि दया आल्यासारखा हसला. ‘सर, हे काढून टाका. मोठ्या पडद्याचं बसवतो, फोन जोडला की जगातलं कुठलंही गाणं लागतं.’ त्याचे खोटे नव्हते. पण जगातली सगळी गाणी ज्यात मावतात, त्या यंत्रात आमची ती एक कॅसेट मावत नव्हती.

शेजाऱ्यांनी उद्यमनगराचा पत्ता दिला. कोल्हापूर म्हटले की परगावच्या माणसाला अंबाबाई, तांबडा-पांढरा आणि चपला आठवतात. पण या गावाचा खरा स्वभाव पाहायचा तर उद्यमनगरात एक चक्कर मारावी. लेथची घरघर, भट्ट्यांचा वास, ओल्या वाळूचे साचे. शेतीची ऑइल इंजिने ज्या गावाने घडवली, त्या गावाला ‘हे दुरुस्त होत नाही’ हे वाक्य मनापासून मान्य नसते. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास परदेशी कॅमेऱ्याची वाट न पाहता स्वतःच्या हातांनी कॅमेरा घडवला तो इथेच. पुढे ‘प्रभात’ने ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट १९३२ साली काढला तोही याच गावात. कानाचे म्हणाल, तर अल्लादियाखाँसाहेबांची गायकी शाहू महाराजांच्या आश्रयाने इथे नांदली आणि देवल क्लबात पिढ्यान् पिढ्या रसिक मांडी घालून बसले. हात कारागिराचा आणि कान गवयाचा, असा हा गाव आहे.

मेस्त्री साठीचे होते. डोळ्यांवर जाड भिंग आणि कानात कापसाचा बोळा. मी सगळी कहाणी सांगितली. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

‘सर, आधी रद्दीतली एकादी कॅसेट घालून बगितली न्हाईसा?’

मी मान खाली घातली. इतकी वर्षे परीक्षेत मुलांना ‘आधी प्रश्न नीट वाचा’ सांगणारा मी!

त्यांनी प्रथम शीळ पकडली. इंजिन बंद करून, किल्ली अर्धीच फिरवून रेडिओ लावला, तर शीळ नाही. इंजिन सुरू केले की हजर, आणि वेग वाढवावा तशी ती वरच्या पट्टीत चढे. ‘म्हंजे ही रेडिओची न्हवं, अल्टरनेटरची शीळ. बॅटरी भरनारं यंत्र गातंय, आनि ह्यो ऐकतोय.’ मग त्यांनी मीटरची एक तार रेडिओच्या पत्र्याला आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकाला लावली. काटा जवळजवळ शून्यावर राहायला हवा. तो अर्ध्या व्होल्टावर गेला. पायाखालची चटई उचलली तर अर्थिंगच्या तारेचा बोल्ट गंजून तांबडा झालेला. बैठकीपर्यंत चढलेल्या पंचगंगेने जाताना तिथे आपली खूण ठेवली होती. त्यांनी पॉलिश कागदाने पत्रा चकचकीत घासला, नवा बोल्ट आवळला, वर ग्रीस लावले, आणि पाच वर्षांहून अधिक काळ आमच्या मागे लागलेली शीळ नाहीशी झाली.

दारातले दोन्ही स्पीकर पाण्याने कुजून त्यांचे कागद पापडासारखे झाले होते. नवे बसवल्यावर आवाज आला, पण पोकळ. मेस्त्रींनी घड्याळातला दीड व्होल्टाचा सेल काढून स्पीकरच्या तारांना क्षणभर टेकवला. डावीकडचा पडदा बाहेर आला आणि उजवीकडचा आत गेला. ‘एक ढकलतोय, एक वडतोय. दोघांचं भांडान. मग ठेका कुटनं ऐकू यायचा?’ उजवीकडच्या दोन तारांची अदलाबदल करताच खर्ज भरून आला. संसाराविषयीही हाच नियम लागू असावा, पण तो विषय निराळा.

शेवटी कॅसेटचे यंत्र उघडले. आतला रबरी पट्टा वयोमानाने डांबरासारखा चिकट झाला होता. फीत पुढे ढकलणारा दांडा फिरत होता, पण ती गुंडाळून घेणारे चाक जागचे हलत नव्हते. मग पुढे आलेली फीत जाणार कुठे? ती यंत्रातच साठली आणि चुरगळली. जुन्या सामानातून त्यांनी मापाचा पट्टा शोधला, कापूस स्पिरिटमध्ये भिजवून हेड आणि रबरी रूळ पुसले. कापूस तपकिरी झाला. ती धूळ नव्हती, वर्षानुवर्षे ऐकलेल्या गाण्यांची पूड होती. मग एक रद्दीतली कॅसेट दोन्ही बाजूंनी पूर्ण वाजवली. त्यानंतरच अण्णांच्या कॅसेटचे पाच स्क्रू काढले.

चुरगळलेली फीत त्यांनी अंगठ्याच्या नखाने काचेवर पसरून सरळ केली. पण एका जागी ती ताणून तुटली होती आणि वरची पूड गेली होती. मेस्त्री थांबले.

‘सर, हितनं पाच सेंटिमीटर कापावं लागंल. एका सेकंदाला पावनेपाच सेंटिमीटर फीत जाती. म्हंजे एक सेकंद जानार. कापू?’

त्या सेकंदात काय होते, हे मला कळायला मार्ग नव्हता. मी ‘कापा’ म्हटले. त्यांनी दोन्ही टोके तिरकी कापून भिडवली आणि पाठीमागून चिकटपट्टी लावली. पुढच्या बाजूला लावली तर हेडला चिकटते. मजुरी घेतली ती इतकी थोडी, की पुन्हा माझी मान खाली गेली.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. रंकाळ्यावर धुके होते. फुलेवाडी मागे पडली आणि आईने स्वतःच बटन दाबले.

‘हं, तर आपण निघालो,’ अण्णा म्हणाले.

कॅसेट एका बाजूची अर्ध्या तासाची आणि वाट पंचावन्न किलोमीटरची. अण्णांनी वाटेत टेप बंद-चालू करीत बोलणे भरले होते. त्यामुळे ते आमच्यापुढे धावू लागले की आई त्यांना थांबवी. ‘थांबा जरा, बालिंग्याचा पूल यायचाय अजून.’ पूल आला की पुन्हा बटन. कुडित्र्याला कारखान्यापाशी उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, आणि प्रत्येकावर कपाटाएवढे स्पीकर. एकेका ट्रॅक्टरचे गाणे असे, की आमच्या काचा थरथरू लागल्या. आईने शांतपणे अण्णांचा आवाज वाढवला. ते सांगत होते, ‘गुऱ्हाळं पेटलीत. वास येतोय का बघ.’ काच खाली केली. वास येत होता. कळ्याला त्यांनी एका वडाचे कौतुक केले. तो वड आता नव्हता. ‘होता तिथं,’ आई बोट दाखवून म्हणाली. मला रिकामी जागा दिसली. तिला बहुधा वड दिसला.

असळज गेले, हवा गार झाली. गगनबावड्याला करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट कोकणात उतरतात, आणि वर गगनगड उभा असतो. माथ्यावर मोटार उभी करून इंजिन बंद केले. शीळ नाही, खरखर नाही. फक्त वारा आणि अण्णा.

‘खाली सगळं कोकण दिसतंय. ढग पायाखाली आहेत,’ ते सांगत होते, ‘काळजी करू नकोस...’ इथे किंचित टक् झाले. ‘...बरी झालीस की दोघं येऊ.’

मला कळले, तोच माझा सेकंद. मी आईकडे पाहिले. दोन दिवस मनात दडवलेले सगळे मी तिला सांगून टाकले.

‘मला कळलं ते,’ ती म्हणाली. ‘तिथं त्यांनी मला नावानं हाक मारली होती. एरवी आयुष्यभर ‘अगं’ म्हणायचे. चार माणसांत नाव घ्यायची लाज वाटायची ना.’

मला काय बोलावे सुचेना. ती पुढे म्हणाली, ‘अरे, तोंड का पाडतोस? ते मला पाठ आहे. बाकीचंच विसरायला लागले होते.’

‘मग बरी झाल्यावर आलात का दोघं?’

‘आलो की. दोनदा. एकदा तर पावसात अडकलो, आणि भांडलोसुद्धा.’

पुण्याला परतल्यावर मी त्या कॅसेटची प्रत करून फोनमध्ये ठेवली. वाचकांच्या घरी असा एखादा डबा माळ्यावर असेल, तर त्यांनीही ते या दिवाळीत करावे. आणि त्याआधी रद्दीतली एक कॅसेट घालून पाहावी. आईला मात्र फोनमधले अण्णा पसंत नाहीत. तिच्या मते ते तिथे फार घाईत बोलतात. मोटारीचे हेड दर महिन्याला स्पिरिटने पुसायचे तिने मेस्त्रींकडून शिकून घेतले आहे. परवा फोनवर सांगत होती, कापूस आता पांढराच राहतो.