चिंतामणी रंगाचा फोटो

वरवट बकालच्या आमच्या घरातून गेल्या दिवाळीपासून कुर्त्यांचं ऑनलाइन दुकान चालतं. वेबसाइट मी बांधली, कुर्ते ताईचे. रंगाच्या रकान्यात लाल, निळा, हिरवा, पिवळा असे नेहमीचे पर्याय होते. ताईने ते वाचले आणि म्हणाली, "यात वांगी कुठं हाये? डाळिंबी, आमसुली, श्रीखंडी, चिंतामणी?" चिंतामणी म्हणजे मोरपंखीच्या शेजारचा, निळ्याकडे झुकलेला रंग. तो यादीत घालणं दोन मिनिटांचं काम होतं. फोटोत आणायला दोन रविवार गेले.

ताई तीन वर्षांपूर्वी मुलीला घेऊन माहेरी आली, ती परत गेली नाही. गावात ती पिको-फॉल, ब्लाउज, शाळेचे गणवेश शिवते. लग्नसराई संपली की काम आटतं, आणि शेजारणीकडून शिलाई मागायला तिची जीभ रेटत नाही. ऑनलाइन दुकानात पैसे आधी येतात, हे तिला सगळ्यात आवडलं. पण रंग वेगळा निघाला म्हणून कुर्ता परत आला, तर जाण्या-येण्याचं कुरिअर तिच्याच पदरातून जातं. एक परतलेला कुर्ता दोन कुर्त्यांचा नफा खातो. त्यामुळे फोटो देखणा नसला तरी चालेल, खरा हवा, असं ठरलं.

सामान साडेतीनशे रुपयांच्या आत बसलं: थर्माकोलचे दोन शीट, पांढरी चादर, चिमटे, दोरी. फोन माझाच. स्टुडिओ म्हणजे घरामागची उत्तरेची ओसरी. आपण साधारण २१ अंश उत्तरेला आहोत. मे अखेर ते जुलैच्या मध्यापर्यंतचे दिवस सोडले तर भरदुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे उत्तरेच्या ओसरीत दुपारी थेट ऊन नाही, नुसता आभाळाचा मऊ उजेड. सावलीच्या बाजूला थर्माकोल उभं केलं की चुण्यांमधला काळोख उजळतो.

फोनचा कॅमेरा भोळा असतो. समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं असणार, असं धरून तो उजेड ठरवतो. म्हणून पांढरा कुर्ता मळकट येतो आणि काळा राखाडी. फ्रेमभर चिंतामणी आला की त्याला वाटतं, उजेडच निळा आहे. मग तो पिवळेपणा वाढवतो आणि रंग मरतो. यावरचा उपाय फुकट आहे. त्याच उजेडात आधी पांढरा कागद धरून रंगाचा तोल हाताने पक्का करायचा, एक्स्पोजरही तसंच, मग कुर्ता लावायचा. घरातले दिवे बंद ठेवायचे. नाहीतर एक बाही आभाळाच्या रंगाची दिसते आणि दुसरी बल्बच्या. शिवाय कापूस वेचणीच्या दिवसांत शेजारच्या खोलीत कपाशी भरलेली. प्रत्येक फोटोआधी कुर्त्यावरचे तंतू टिपायचं काम भाचीने घेतलं.

हँगरवर कुर्ता निर्जीव दिसतो. चादरीवर पसरला तर काट कळतो, पण कापड कसं पडतं ते कळत नाही. अंगावरच हवा. ताई तयार झाली, पण म्हणाली, "मानेच्या वर काही येऊ देऊ नको. सासरच्या माणसाईले दाखवाले नाही उभी राहिली मी." म्हणून फोन छातीच्या उंचीवर बांधला आणि चेहरा फ्रेममध्ये येणारच नाही असं केलं. फोटोच्या फाइलमध्ये तो कुठे काढला याची नोंदही असू शकते. ती अपलोडआधी पुसणारा छोटा प्रोग्राम लिहिला. नोकरीत लिहिलेल्या हजारो ओळींपेक्षा त्या वीस ओळी मी जास्त वेळा तपासल्या.

चित्रावरून कापड विकणं आमच्या भागाला नवं नाही. जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा १८७० साली सुरू झाला, तो मुख्यतः वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी. त्या काळी मँचेस्टरहून हिंदुस्थानात येणाऱ्या कापडावर देवादिकांची रंगीत लेबलं चिकटवलेली असत. वाचता न येणारं गिऱ्हाईक चित्रावरून माल ओळखायचं. पण कापड समोर असायचं, बोटांनी चोळून बघता यायचं. आमच्या गिऱ्हाइकाकडे फक्त लेबल आहे.

म्हणून शेवटचा फोटो हाताचा ठेवला: ताई दोन बोटांत कापडाची कड धरून आहे, त्यात जाडी आणि वीण दिसते. सुईने टोचलेलं बोटही दिसतं. ते झाकू का, असं मी विचारलं, तर ती हसली.

एवढं करूनही चिंतामणी किंचित निळाच येतो. ताईने वर्णनात लिहायला लावलं: "फोटोपेक्षा थोडा हिरवट आहे. पहिल्या धुण्यात रंग सुटतो, वेगळा धुवा." विकणारा असं लिहीत नाही, मी म्हटलं.

"मंग घेणारीनं भरोसा कशावर ठेवावा?"

आतापर्यंत नऊ चिंतामणी कुर्ते गेले. एक परत आला, तो छातीत घट्ट झाला म्हणून. ताईने बाजूची शिवण उसवली, आत ठेवलेली अर्धा इंच माया मोकळी केली, इस्त्री फिरवली आणि तोच कुर्ता त्याच पत्त्यावर पुन्हा पाठवला.