व्हिसा चालतो तिथे सिम चालत नाही

शेंगेन व्हिसा हातात आला तेव्हा वाटलं, आता पॅरिसपासून रोमपर्यंत आपल्याला कुणी अडवणार नाही. माणूस म्हणून कुणी अडवलंही नाही. अडलं ते फोनचं, आणि ते का अडतंय हे कळेपर्यंत अर्धी सहल संपली होती.

घरी साताऱ्यात डेटाचा विचार करायची वेळच येत नाही. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटाचे भाव कोसळले आणि रोजच्या दीड-दोन जीबीची आपल्याला सवय लागली. संपला तर वेग 64 केबीपीएसवर येतो आणि रात्री बारानंतर कोटा पुन्हा भरतो. हा 64 चा आकडा मी वर्षानुवर्षं मेसेजमध्ये वाचत होते. त्याचा अर्थ टेलिकॉममधल्या भाच्याने परवा सांगितला. वेग मोजतात बिटमध्ये आणि फोटोचा आकार मोजतात बाइटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणजे 64 केबीपीएसला सेकंदाला फक्त 8 केबी सरकतात, आणि तीन एमबीचा एक फोटो जायला सहा मिनिटांहून जास्त वेळ लागतो. जाहिरातीत 40 एमबीपीएस लिहिलं असलं, तरी हातात पडतात ते सेकंदाला पाच एमबी. हे इतक्या साध्या शब्दांत मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं.

पॅरिसला आमच्या टूर मॅनेजरने सगळ्यांना सिमकार्डं घेऊन दिली. पाकिटावर 20 जीबी, 30 दिवस. इथे बारा वाजता काही भरत नाही, आहे तेवढंच पुरवायचं. हॉटेलवर पोचल्यावर सेटिंग्जमध्ये डेटा वापर उघडून पाहिला. यादीत सगळ्यात वर फोटोंचा बॅकअप होता. आयफेल टॉवरचा काढलेला प्रत्येक फोटो, प्रत्येक व्हिडिओ, मी कुणाला पाठवो न पाठवो, मोबाइल डेटावरून वर चढत होता. बॅकअप फक्त वायफायवर ठेवला. मग व्हॉट्सअ‍ॅप उघडलं. तिथे मीडिया ऑटो-डाउनलोडच्या तीन ओळी असतात: मोबाइल डेटावर असताना, वायफायवर असताना आणि रोमिंगमध्ये असताना. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीतल्या सगळ्या खुणा काढल्या. पॅरिसचं सिम जर्मनीत चालतं ते रोमिंगवरच, ही गोष्टही मला त्याच रात्री कळली.

बस जर्मनीतून ऱ्हाइनच्या धबधब्याकडे निघाली. वाटेत सरहद्द कधी ओलांडली ते खिडकीतून कळलंही नाही. धबधब्याचा व्हिडिओ घरी पाठवायला गेले तर फोनवर दांड्या पूर्ण आणि इंटरनेट बंद.

“काकू, आपण स्वित्झर्लंडमध्ये आलो. हे सिम युरोपियन युनियनमधलं आहे,” टूर मॅनेजर म्हणाला.

“अरे, पण व्हिसा तर एकच आहे ना?”

“व्हिसा एकच. फोनचा हिशेब वेगळा.”

हा हिशेब असा आहे. 15 जून 2017 पासून युरोपियन युनियनमध्ये नियम आहे की एका सदस्य देशाचं सिम दुसऱ्या देशात नेलं तरी, ठरावीक मर्यादेत, घरच्याच दराने चालायला हवं. आता ही सोय 2032 पर्यंत वाढवली आहे. हे नुसत्या सदिच्छेवर चाललेलं नाही. कंपन्यांनी एकमेकींकडून किती घ्यायचे याचीही कायद्याने कमाल ठरवली आहे, 2025 साली एका जीबीला 1.30 युरो. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, म्हणून आपला व्हिसा तिथे चालतो. पण तो युरोपियन युनियनमध्ये नाही, म्हणून हा नियम त्याला लागू नाही. काही कंपन्या आपल्या पॅकमध्ये स्वित्झर्लंड धरतात. आमच्या पाकिटावर तो नव्हता.

त्या संध्याकाळी बसमधल्या एका काकांच्या भारतीय नंबरवर वापराचे मेसेज यायला लागले. त्यांच्या फोनमध्ये दोन सिम होती आणि एका सिमचा डेटा मिळाला नाही की आपोआप दुसऱ्या सिमवर जायची सोय चालू होती. मुलाने निघताना भारतीय सिमचं डेटा रोमिंगही चालू करून दिलं होतं. पॅरिसचं सिम थांबलं आणि फोन गुपचूप भारतीय सिमवर गेला, तोही पॅक नसताना. काही हजारांचं बिल झालं. मेसेज इंग्रजीत होते आणि काकांना त्यातलं एमबी आणि रक्कम सोडून काही लागत नव्हतं. मला त्यांचं फार वाईट वाटलं. आयुष्यभर काटकसर केलेला माणूस त्या रात्री जेवला नाही.

मी ल्युसर्नला माझ्या भारतीय नंबरवर रीतसर रोमिंगचा पॅक घेतला. दांड्या पूर्ण होत्या, तरी प्रत्येक पान उघडायला वेळ लागायचा आणि एक संकेतस्थळ मला चक्क रुपयांत भाव दाखवत होतं. भाचा म्हणाला, “मावशी, रोमिंगमध्ये बहुतेक वेळा डेटा आधी भारतात आपल्या कंपनीकडे येतो आणि तिथून इंटरनेटवर जातो.” म्हणजे मी ल्युसर्नच्या तळ्याकाठी उभी राहून समोरच्या हॉटेलचं पान मागितलं, तर ती मागणी भारतात जाऊन परत यायची. दांड्या सांगतात फक्त जवळच्या टॉवरशी असलेलं नातं. पुढचा रस्ता किती लांबचा आहे, ते त्या सांगत नाहीत.

पुढे वाडुझ आलं. लिश्टेनस्टाइनची ही राजधानी ऱ्हाइनच्या पलीकडच्या काठावर आहे. दुकानात स्विस फ्रँकच चालतो, पण पॅरिसचं सिम एकदम जागं झालं. हा चिमुकला देश युरोपियन युनियनमध्ये नाही, पण युरोपियन आर्थिक क्षेत्रात आहे आणि रोमिंगचा नियम तिथेही लागू आहे. व्हिसा, नोटा आणि फोन, तिन्हींचे नकाशे वेगळे आहेत.

सहलीआधीच्या बैठकीत आम्हाला थर्मल किती घ्यायचे, पासपोर्टच्या प्रती कुठे ठेवायच्या, सगळं सांगितलं होतं. फोनबद्दल “तिकडे बघू” एवढंच. सहल कंपन्यांना माझी कळकळीची विनंती आहे, त्या बैठकीत पंधरा मिनिटं यासाठी द्या. मोबाइल कंपन्यांनाही सांगणं आहे. युरोपात रोमिंगचं डेटाबिल 50 युरोला पोचलं की ग्राहकाने होकार देईपर्यंत डेटा थांबवायचा नियम आहे. आपल्याकडच्या ज्येष्ठांनाही पैसे जाण्याआधी, त्यांच्या भाषेत, रुपयांत दर सांगा.

आणि तुम्ही निघणार असाल तर भारतीय सिम बँकेच्या ओटीपीसाठी चालू ठेवा, पण त्याचं डेटा रोमिंग आणि आपोआप सिम बदलायची सोय बंद करा. तिकडचं सिम घेताना दुकानदाराकडे देशांची यादी मागा आणि त्यात स्वित्झर्लंड आहे का, ते बोट ठेवून बघा.