गोड बोलण्याची रीत

अनोळखी माणसाशी बोलण्यास आरंभ कसा करावा, हे कोणत्याही शाळेत शिकवले जात नाही. मराठी समाजाने मात्र त्याची सोय फार पूर्वीच करून ठेवली आहे. "आपण कुठल्या?" असे एकदा विचारले की पुढचे प्रश्न आपोआप येतात. माहेर कोणते, आडनाव काय, यजमान कोठे असतात, मुले किती. चार उत्तरांत समोरच्या बाईचे गाव, जात, ऐपत आणि सौभाग्य, सारे काही कळते. ती बाई तेवढी कळायची राहते.

बेंगळूरच्या दक्षिण भागातील जे. पी. नगरात या प्रश्नावलीत आणखी एका प्रश्नाची भर पडते: "कितव्या फेजमध्ये?" जयप्रकाश नारायण यांचे नाव धारण करणारी ही वसाहत टप्प्याटप्प्याने वाढत गेली आणि प्रत्येक टप्प्याला एक क्रमांक मिळाला. २००४ मध्ये दुसऱ्या फेजमध्ये रंगशंकरा हे नाट्यगृह उभे राहिले, २०१७ मध्ये मेट्रो धावू लागली. संगणकाच्या नोकऱ्यांमागोमाग पुण्या-नाशिकाकडची, कोकणातली कुटुंबे येथे आली आणि मुलांपाठोपाठ त्यांच्या आयाही आल्या. मुलगा-सून कामावर गेल्यावर सहाव्या मजल्यावरच्या सज्जात उभे राहून, खालच्या रस्त्यावरचे न कळणारे कानडी ऐकत दुपार काढणाऱ्या या बायका. त्यांच्यासाठी तेथे एक लहानसे महिला मंडळ चालते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचे हळदीकुंकू हा मंडळाचा नव्या सभासद मिळवण्याचा हंगाम.

मंडळाच्या चिटणीसबाई बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांची एक वही आहे. नाव, पत्ता, गाव, यजमानांचा व्यवसाय असे रकाने त्यांनी स्वतः पट्टीने आखलेले. नवी बाई उंबऱ्यात आली की तिला वाण द्यायचे, जवळ बसवायचे आणि गप्पांच्या ओघात रकाने भरून काढायचे, ही त्यांची हातोटी. त्यांच्या मनात खोट नव्हती. अनोळखी बाईला बोलते करण्याचा दुसरा मार्ग त्यांना ठाऊक नव्हता, इतकेच.

अमेरिकेतील विद्यापीठांत विद्यार्थिनींची अशीच मंडळे असतात. त्यांना 'सोरोरिटी' म्हणतात. बहीण या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हे नाव आले. नव्या मुली एकेका मंडळाच्या घरी जातात, ठरावीक मिनिटे बोलणे होते, घंटा वाजल्यासारखा वेळ संपतो आणि त्या पुढच्या घरी जातात. शेवटी मंडळ मुलींची पसंती नोंदवते आणि मुलीही मंडळांची. या व्यवहारात पुष्कळ दिखाऊपणा असला तरी एक गोष्ट तेथे उघड मान्य केलेली असते: पारखणारा पक्ष एकच नसतो. आपल्या हळदीकुंकवात हे कोणी बोलून दाखवत नाही. आलेली बाई पाहुणी असते, परीक्षार्थी असते. ती आपल्यालाही पारखत असेल हे यजमानिणीच्या ध्यानात येत नाही.

त्या वर्षीच्या हळदीकुंकवाला अलिबागकडची एक बाई आली. पन्नाशी उलटलेली, साधी सुती साडी, हातात घड्याळ. चिटणीसबाईंनी नेहमीप्रमाणे आरंभ केला. गाव झाले, फेज झाली, मुलाची कंपनी झाली.

"आणि मिस्टर? गावीच असतात का?"

"ते गेले. चार वर्षं झाली."

खोलीतले बोलणे थांबले. करंडा घेतलेली तरुण मुलगी दोन पावलांवर होती. ती क्षणभर घुटमळली आणि पलीकडच्या बाईकडे वळली. कोणी काही वावगे बोलले नाही. अशा प्रसंगी बोलावे लागतच नाही. पाहुणीने वाण मांडीवरून उचलून बाजूला ठेवले आणि पाणी पिण्याचे निमित्त करून ती स्वयंपाकघरात गेली.

स्वयंपाकघरात एक वृद्ध बाई पाटावर बसून अवरेकाय सोलत होत्या. त्यांचे घराणे पिढ्यान् पिढ्या बेंगळूरचे. १६३८ च्या सुमारास हे गाव आदिलशाहीकडून शहाजीराजांच्या जहागिरीत आले. तेव्हापासून येथे मराठी कानावर पडत आली आहे. बाईंच्या मराठीत कानडी शब्द मुरलेले असत आणि नव्याने आलेल्या सभासद त्याला गालात हसत. मंडळ सुरू करणाऱ्या चौघींपैकी त्या एक. परंतु यजमान वारल्यापासून, गेली अकरा वर्षे, हळदीकुंकवाच्या दिवशी त्या स्वयंपाकघरात बसत. त्यांना तसे कोणी सांगितले नव्हते. बाहेर या, असेही कोणी म्हटले नव्हते.

त्यांनी पाहुणीला काहीच विचारले नाही. भिजवलेल्या दाण्यांची परात थोडी तिच्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, "बोटांत धरून दाब बघू. साल सुटते का बघ."

पाहुणीने दाणा दाबला. टपकन आतली हिरवी डाळ परातीत पडली. "आमच्याकडे वाल असेच सोलतात," ती म्हणाली. "पण आम्ही आधी मोड आणतो. मग कोमट पाण्यात."

"मोड कशाला?"

हा प्रश्न खरा होता. विचारणाऱ्या बाईंना त्याचे उत्तर ठाऊक नव्हते आणि ते त्यांना हवे होते. मग पाहुणी बोलू लागली. फडक्यात बांधलेले वाल, मोडांनी येणारी गोडी, नारळाच्या रसातले बिरडे. मग थंडीतल्या रात्रींची पोपटी, भांबुर्डीचा पाला घालून मडक्यात भरलेल्या शेंगा, मडक्याभोवतीचा जाळ. पोपटीचे मडके नेहमी तिचे यजमान लावत. ते नाव असे, न विचारता, आपल्या जागी आले. वृद्ध बाईंनी मान हलवली आणि पुढचा दाणा दाबला.

हसण्याचा आवाज बाहेर गेला, तशा एकेक करून बायका दाराशी येऊ लागल्या. कोणी परातीभोवती बसल्या. बाहेरच्या खोलीत अत्तरदाणी आणि गुलाबदाणी राहिली.

स्त्रियांच्या संस्थांचा इतिहास पाहिला तर स्वयंपाकघरातली ही जागा अधिकच खटकते. न्यायमूर्ती रानडे १९०१ मध्ये निवर्तले; त्यानंतर रमाबाईंनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे केले. एका विधवेच्या कर्तृत्वावर शेकडो स्त्रिया शिकल्या. तरीही करंडा कोणासमोर थांबावा, हा प्रश्न पुढे शंभर वर्षे घरोघर तसाच राहिला. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा त्याची सर्वत्र वार्ता झाली. ठराव करता येतो. पण घुटमळलेले पाऊल पुढे टाकणे ज्याचे त्यालाच करावे लागते.

चिटणीसबाई करंडा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. आतापर्यंत त्यांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नासाठी वहीत एक रकाना होता. या प्रश्नाला नव्हता.

"लावू का?" त्यांनी विचारले. "तुमची इच्छा असेल तरच."

पाहुणीने वृद्ध बाईंकडे पाहिले. "आधी काकूंना विचारा," ती म्हणाली.

काकूंचे हात सालींनी भरलेले होते. त्यांनी ते पदराला पुसले नाहीत. नुसते कपाळ किंचित वर केले.

नंतर तिळगूळ वाटला गेला. मराठीत म्हणतात, तिळगूळ घ्या, गोड बोला. कानडीत म्हणतात, एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि, तीळगूळ खाऊन चांगले बोला. दोन्ही भाषांना या दिवशी बोलण्याचीच आठवण व्हावी, आणि एकीने गोड म्हणावे, दुसरीने चांगले, हा फरक लहान नाही. गोड बोलणे चिटणीसबाईंना पूर्वीपासून येत होते.

निघताना त्यांनी सभासद होण्याविषयी विचारले. पाहुणीने चपला घातल्या, हसली आणि म्हणाली, "विचार करून सांगते."

पुढच्या गुरुवारी ती आली. येताना तिने फडक्यात बांधलेले, मोड आलेले वाल आणले होते आणि ते घेऊन ती थेट काकूंना शोधू लागली. काकू बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या.