छपरावरची डिश
तळेगाव (श्यामजी पंत), रात्र.

नागपूर-अमरावती महामार्गालगत ढाब्यामागे गाडी लावली. यंदा गाडीत थेट १२ व्होल्टवर चालणारा टीव्ही बसवलाय. इन्व्हर्टरची घरघर गेली. पण पडद्यावर सिग्नलच नाही. डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर. इथून डिश आग्नेयेला, साधारण ६० अंश वर रोखावी लागते. नेमका तिथेच कडुनिंब! गाडी पुढे घेतली, चित्र आलं. मग सेट-टॉप बॉक्स सारखा बंद पडू लागला. बॅटरी ठणठणीत, लांब, बारीक वायरीतच व्होल्टेज पडत होतं. जाड वायर ओढली.

ढाब्यावरचा पोरगा म्हणाला, "काका, मोबाइलवरच पाहा ना जी!" खरंय त्याचं. पण सह्याद्री वाहिनीला ना रिचार्ज लागतो, ना रेंज.