ह्यात वाजतंय कोण?

आमच्या घरात वाद्य उघडणं नवं नव्हतं. अण्णा मुखेडच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. पावसाळ्यात एखादा सूर बसला की ते पेटी अंगणात घेत, पट्ट्या काढत आणि पितळेची ती बारीक जीभ ब्लेडच्या टोकानं अलगद उचलत. भाता हलला, वारा गेला, जीभ थरथरली. आवाज कुठून येतो ते लहान पोरालाही दिसायचं.

म्हणून हैदराबादच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून घेतलेला जुना यामाहा डीएक्स ७ मी पहिल्यांदा उघडला, तेव्हा अण्णाही शेजारी येऊन बसले. चौदा किलोंचं ते धूड देगलूरमार्गे एसटीनं आणलेलं. स्क्रू काढून झाकण वर केलं. आत हिरव्या पाट्या, त्यांच्यावर काळ्या चिपा, वायरींचे पट्टे. एवढंच.

"ह्यात हालतंय काय?" अण्णा म्हणाले. "वाजतंय कोण?"

"काहीच हालत नाही अण्णा. नुसता हिशोब चालतो."

ते उठून गेले. मला मात्र त्यांच्या प्रश्नानं धरून ठेवलं. लग्नाच्या स्टेजवर मी नवा कीबोर्ड नेतो. त्यात सनई आहे, संतूर आहे, तबला आहे, सगळं कुणीतरी वाजवून, ध्वनिमुद्रित करून मेमरीत ठेवलेलं. ही रीत १९८८च्या कॉर्ग एम १ नं घरोघर नेली. त्यात असे नमुने साठवायला जागा होती अवघी ४ मेगाबाइट, म्हणून सुराचा सुरुवातीचा तुकडा घ्यायचा आणि पुढचा भाग फिरवत राहायचा. आता मेमरी मुबलक झाली. तरी सनईवर लांब सूर धरला की ती फेरी मला अजूनही कधी कधी ऐकू येते, आणि एकदा ऐकू आली की मन उडतं.

डीएक्स ७ मध्ये साठवलेली सनई नाही. कुठलंच वाद्य नाही. आहे ती फक्त साइन लहर, दुरून आलेल्या शिट्टीसारखी, अगदी सपक. अशा सहा लहरी एकमेकींना हलवतात. कोणी कोणाला हलवायचं याच्या मांडण्या ३२. ही युक्ती स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांना १९६७ मध्ये सापडली. ते सुराला कंप देत होते आणि त्याचा वेग नि खोली वाढवत होते. आपण गाताना स्वराला आंदोलन देतो, तसंच. पण वेग एका मर्यादेपलीकडे गेल्यावर कानाला कंप ऐकू येईना, सुराचा रंगच बदलला. सूर तोच, गळा दुसरा. यामाहानं या युक्तीचा हक्क घेतला आणि १९८३ मध्ये हे वाद्य बाजारात आणलं.

एकाच वेळी सोळा सूर, प्रत्येकाच्या सहा लहरी, म्हणजे ९६. त्या सगळ्या एकच चिप पाळीपाळीनं मोजते, आणि सेकंदाला सुमारे ४९ हजार वेळा ही फेरी पूर्ण करते. एवढे गुणाकार त्या काळच्या चिपला झेपणारे नव्हते. म्हणून तिच्यात लॉग टेबल कोरलेलं आहे! अकरावीला आम्ही जे पिवळं पडलेलं पुस्तक चाळायचो तेच. लॉग घेतला की गुणाकाराची बेरीज होते. हे कळलं त्या रात्री मला झोप आली नाही. जागा कमी, वेळ कमी, आणि त्यातून माणसांनी काढलेली ही वाट. पितळेची जीभ तासणाऱ्या कारागिराइतकंच ते मला हाताचं काम वाटलं.

शेवटी त्या आकड्यांचा आवाज करणारा भाग १२ बिटांचा. सूर विरत जातो तेव्हा मागे एक बारीक खरखर उरते. १९८७च्या पुढच्या मॉडेलनं ती स्वच्छ केली, तरी कितीतरी वादक जुन्यालाच धरून राहिले. मी त्यांच्यातला आहे. पेटीत सुराबरोबर भात्याचा श्वास ऐकू येतो. मला ही खरखर तशी वाटते.

तेव्हा वाद्याच्या आतलं सामान वाजवणाऱ्याला स्फूर्ती देतं का? मला देतं. नव्या कीबोर्डवर बोट ठेवलं की तयार वादक येतो आणि मी त्याच्यामागे जातो. डीएक्स ७ वर मी हलवल्याशिवाय काही घडतच नाही.

पुढे डीएक्स ७ चा, टोन जपून ठेवणारा आतला सेल संपला. इतकी वर्षं टिकला हेच नवल. पडद्यावर टोनच्या नावांऐवजी भलतीच अक्षरं आली. बसस्टँडजवळच्या मोबाइल दुरुस्तीवाल्यानं नवा सपाट सेल डाग देऊन बसवला. मूळचे ३२ टोन लॅपटॉपवरून परत भरता येतात. सगळे मिळून ४,०९६ बाइट. मोबाइलमधल्या एका फोटोत असे शेकडो संच मावतील. पण मी ते लगेच भरले नाहीत. रिकाम्या वाद्यावर पेटी करायला बसलो.

आठ-दहा रात्री गेल्या. एका लहरीला तिचाच आवाज परत पाजला की पितळेची भणभण येते. ती जास्त झाली की नुसता गोंगाट. मग डाव्या बाजूचं चाक असं जोडलं, की ते पुढे ढकललं तर सूर उजळतो, मागे घेतलं तर दबतो.

अण्णांना बोलावलं. ते आधी उभ्यानंच एक पट्टी दाबून बघत होते, मग खुर्चीवर बसले. उजवा हात चालू लागला, आणि डावा हात सवयीनं मागे भाता शोधायला गेला. मी तो धरून चाकावर ठेवला. त्यांनी एकदा ढकललं, एकदा ओढलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

"काळी दोनला घे," एवढंच म्हणाले. मी पट्टी बदलून दिली. त्यांनी अभंग धरला. दोन कडवी झाली. तिसऱ्याला लाइट गेली.

अंधारात त्यांचा हात चाकावर थोडा वेळ तसाच मागेपुढे होत राहिला.

"पेटी आण," ते म्हणाले. "अभंग अर्धा हाय."